औट्रम घाटातला चांगला साहेब

चाळीसगाव मागे टाकून कन्नडकडे निघालं की अजिंठ्याच्या डोंगररांगेची भिंत समोर उभी राहते. या घाटात मी आयुष्यातले कितीतरी तास अडकून काढलेत. एखादा ट्रक वळणावर बंद पडतो, मागे नजर पोहोचत नाही तिथपर्यंत रांग लागते, एसटीतले लोक खाली उतरून कठड्यावर बसतात. २०२१च्या ऑगस्टअखेरीस दरडी कोसळल्या आणि रस्ताच बंद झाला. बोगदा होणार, होणार हे ऐकत आमची एक पिढी म्हातारी झाली. अशाच एका खोळंब्यात शेजारच्या सीटवरच्या कॉलेजातल्या मुलाने मला विचारलं, ‘काका, औट्रम म्हणजे काय?’ त्याला वाटत होतं की तो एखाद्या गावाच्या नावाचा अपभ्रंश असावा.

औट्रम म्हणजे माणूस. सर जेम्स औट्रम. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेतला अधिकारी. वयाच्या बाविसाव्या वर्षी खानदेशात आला, दहा वर्षं इथल्या जंगलात राहिला, आणि पुढे अफगाणिस्तान, सिंध, कोल्हापूर, सावंतवाडी, सातारा, बडोदा, लखनौ, इराण असं फिरून शेवटी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत पुरला गेला. त्याचं नाव आमच्या घाटाला आहे आणि शेजारच्या अभयारण्यालाही आहे. सरकारी कागदावर ते ‘गौताळा औट्रमघाट अभयारण्य’ असंच लिहिलं जातं.

शहरांची आणि जिल्ह्यांची नावं बदलण्याच्या या दिवसांत घाटाचंही नाव बदला, असं कुणी म्हटलं तर त्यात नवल नाही. त्यावर दुसरं कुणीतरी लगेच सांगेल की हा साहेब तसा नव्हता, चांगला होता, भिल्लांमध्ये राहिला, लाचखोरांशी लढला, लुटीचा पैसा घेतला नाही. दोन्ही बाजू माझ्या ओळखीच्या आहेत आणि दोन्ही मला अपुऱ्या वाटतात. औट्रम चांगला होता, यात मला शंका नाही. माझं म्हणणं पुढचं आहे. त्याचा चांगुलपणा कुठे खर्ची पडला? त्या चांगुलपणाने कोणाचं काम सोपं केलं? इंग्रज अधिकाऱ्यांकडे पाहताना हा प्रश्न आपण विचारतच नाही. आपण त्यांची चांगले साहेब आणि वाईट साहेब अशी वाटणी करतो आणि थांबतो.

त्याचा जन्म १८०३चा. त्याच वर्षी इथून फार दूर नसलेल्या असईला मराठ्यांचा पराभव झाला होता. बाप डर्बीशरमधला नावाजलेला अभियंता, घोड्यांनी ओढायच्या रूळगाड्यांचे रस्ते बांधणारा. पण मुलगा दोन वर्षांचा असताना वारला आणि मागे कर्ज ठेवून गेला. आई मुलांना घेऊन स्कॉटलंडमध्ये राहिली. अशा घरातल्या मुलाला कंपनीची नोकरी हा वर येण्याचा रस्ता होता. ऑगस्ट १८१९मध्ये सोळा वर्षांचा जेम्स मुंबईला उतरला. पेशवाई बुडून एक वर्ष झालं होतं. नव्याने हाती आलेला मुलुख ताब्यात कसा ठेवायचा, हा कंपनीपुढचा प्रश्न होता आणि खानदेशात तो सर्वांत अवघड होता.

इथे एक गोष्ट आपल्याच इतिहासातली आहे आणि ती टाळून पुढे जाणं मला अप्रामाणिकपणाचं वाटतं. होळकर-शिंद्यांच्या लढायांनी, पेंढाऱ्यांनी आणि १८०३-०४च्या दुष्काळाने खानदेश उजाड झाला होता. गावराखणीचे परंपरागत हक्क असलेले भिल्ल डोंगरात गेले आणि खालच्या गावांवर धाडी घालू लागले. १८०४मध्ये पेशव्यांचा खानदेशचा सरसुभेदार बाळाजी लक्ष्मण याने भिल्लांच्या मोठ्या जमावाला कोपरगावला बोलावून घेतलं, दगा देऊन पकडलं आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन विहिरींत टाकून मारलं. हे कुणा इंग्रजाने केलेलं नाही. पुण्याच्या गादीच्या नावाने, मराठी बोलणाऱ्या माणसांनी केलं. त्यानंतर भिल्ल कुणाच्याही शब्दावर विश्वास ठेवायला तयार नव्हते, यात त्यांची काय चूक?

१८१८ नंतर कंपनीने आधी बळाचाच वापर केला. डोंगराच्या वाटा रोखल्या, रसद तोडली, पकडलेल्यांना शिक्षा दिल्या. पण डोंगरातला हिवताप फौजेला मानवत नव्हता आणि दरसाल तोच खर्च पुन्हा होत होता. मग १८२५मध्ये, माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर असताना, दुसरा मार्ग धरला गेला. भिल्लांसाठी तीन एजन्सी नेमल्या. एकीचं ठाणं घाटाच्या वर कन्नडला होतं, तिथे ओव्हन्स नावाचा अधिकारी आला. जमीन कसायला तगाई द्यायची, वसाहती बसवायच्या, जुने गुन्हे माफ करायचे. आणि भिल्लांचीच एक पलटण उभारायची. हे पलटणीचं काम लेफ्टनंट औट्रमकडे आलं.

त्याने ते कसं केलं हे त्याच्याच पत्रात आहे. आधी हल्ला करून धाक बसवला. पकडलेल्या काहींना हाताशी धरून त्यांच्या नाइकांशी संधान बांधलं. मग पहारा न घेता, एकटाच त्यांच्या जंगलात जाऊन राहिला. त्यांना भरपूर ब्रँडी पाजली. त्यांच्याबरोबर वाघाच्या मागावर गेला, त्यांच्या वाटाड्यांवर जीव टाकून झोपला. शेवटी त्यांच्यातले पाच धाडसी जण त्याच्याबरोबर नशीब आजमावायला तयार झाले. या पाचांपासून खानदेशची भिल्ल पलटण वाढली. धरणगाव हे तिचं ठाणं झालं. दोन वर्षांत पलटण तीनशेच्या आसपास गेली आणि खजिन्याच्या, तुरुंगाच्या पहाऱ्यावर भिल्ल शिपाई उभे राहू लागले. ज्यांना काल चोर म्हणत, त्यांच्या हाती आज खजिन्याची किल्ली.

या गोष्टीचं मला खरंच मोल वाटतं. कोपरगावच्या विहिरींनंतर वीस वर्षांनी एक परका पोरगा एकटाच येतो, दिलेला शब्द पाळतो, पगार वेळेवर देतो. त्या पाच जणांच्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. पोटाला भाकर होती, अंगावर सरकारचा डगला होता आणि माणूस म्हणून वागवणारा कुणी तरी समोर होता. आदिवासींना माणूस म्हणून वागवण्याची लाज आपल्या समाजाने बाळगली. ती औट्रमने बाळगली नाही. त्याच्यावर टीका करण्याआधी हे कबूल करायला हवं.

पण ती पलटण कशासाठी होती? १८३०मध्ये ती डांगात गेली आणि तिने डांगच्या भिल्ल राजांना वठणीवर आणलं. १८३१मध्ये यावल आणि अडावदच्या तडवी भिल्लांवर गेली. भिल्लांच्या वाटा भिल्लांनाच ठाऊक, त्यामुळे कंपनीच्या नेहमीच्या फौजेला जे वर्षानुवर्षं जमत नव्हतं ते काही आठवड्यांत झालं. औट्रम गेल्यावरही ती रचना राहिली. ११ एप्रिल १८५८ला सातपुड्यात अंबापाणीला खाज्या नाईक आणि त्याच्या साथीदारांची कंपनीच्या फौजेशी लढाई झाली तेव्हा इंग्रजांच्या बाजूनेही भिल्ल शिपाई होते. खाज्या नाईक स्वतः एकेकाळी सेंधवा घाटाच्या राखणीचा सरकारी नोकर होता. जंगल, जमीन, मोहाची झाडं, घाटातल्या जकातीचे हक्क हळूहळू हातातून गेले. ते गेल्याची तक्रार घेऊन जो उठला त्याच्यासमोर त्याचाच भाऊबंद बंदूक घेऊन उभा होता. औट्रमने भिल्लांचा विश्वास कमावला तो खरा होता. त्या विश्वासाची मालकी मात्र कंपनीची होती.

ही पद्धत इंग्रजांबरोबर गेली नाही. १९९०मध्ये गडचिरोलीत नक्षलवाद्यांशी लढायला सी-६० पथक उभं राहिलं ते स्थानिक तरुणांना घेऊनच. जंगल त्यांना ठाऊक, भाषा त्यांना ठाऊक, हाच विचार. छत्तीसगडमध्ये याच विचाराने कोवळ्या आदिवासी मुलांना तुटपुंज्या मानधनावर विशेष पोलीस अधिकारी करून हाती शस्त्रं दिली गेली. जुलै २०११मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते घटनाबाह्य ठरवून थांबवलं. सी-६० आणि छत्तीसगडचा तो प्रकार मी एका मापाने मोजत नाही. सी-६०चे जवान रीतसर पोलीस दलातले आहेत आणि त्यांनी फार मोठी किंमत मोजली आहे. मला एवढंच म्हणायचं आहे की जंगलात शांतता आणायला जंगलातलाच तरुण पुढे करायचा, आणि त्या बदल्यात जंगलावरच्या त्याच्या हक्काचं काय, हा प्रश्न मागे ठेवायचा, ही वहिवाट धरणगावपासूनची आहे. मेलेल्या दोन्ही बाजूंच्या मुलांची आडनावं सारखी निघतात तेव्हा मला ती पाच माणसं आठवतात. घाटाला नाव पडलं ते साहेबाचं, त्या पाचांपैकी कुणाचंही नाही.

वाघांबद्दलही बोललं पाहिजे. खानदेशातल्या दहा वर्षांत औट्रम ज्या शिकारींत हजर होता त्यांत १९१ वाघ मारले गेल्याची नोंद आहे. अस्वलं आणि बिबटे निराळे. त्या काळात वाघ मारणं हे शौर्याचं आणि गावकऱ्यांच्या सोयीचंही काम मानलं जाई, शेतं जंगलात सरकत होती, सरकार बक्षीस देई, हे मान्य. तरीही १९८६मध्ये, स्वतंत्र भारतात, वन्यजीव जपण्यासाठी जाहीर केलेल्या सुमारे २६० चौरस किलोमीटरच्या अभयारण्याच्या नावात तो शिकारी राहिला, हे मला खटकतं. २०२१मध्ये यवतमाळच्या टिपेश्वरहून चालत चालत एक वाघ गौताळ्यात पोहोचला. कित्येक दशकांनी इथे वाघाची पावलं उमटली. ती पाहायला आम्ही किती आनंदाने धावलो होतो! त्या वाघाच्या घराच्या पाटीवर हे नाव असू नये.

आता सिंध. औट्रमची सगळी नैतिक प्रतिष्ठा सिंधमध्ये कमावलेली आहे, आणि माझा मुद्दाही तिथेच सर्वांत स्पष्ट होतो. पहिल्या अफगाण युद्धात त्याने नाव काढलं. गझनीच्या लढाईत होता, पळणाऱ्या अफगाण अमीर दोस्त मोहम्मदाचा पाठलाग केला, बलुचिस्तानातलं कलात पडल्यावर वेषांतर करून शत्रूच्या मुलखातून समुद्रापर्यंत घोडदौड केली. मग सिंधमध्ये राजकीय अधिकारी म्हणून राहिला आणि तिथल्या अमीरांशी त्याचे जिव्हाळ्याचे संबंध जुळले. १८४२मध्ये सर चार्ल्स नेपियर फौज घेऊन आला. नोव्हेंबरमध्ये सक्करच्या एका मेजवानीत नेपियरने औट्रमला ‘हिंदुस्थानचा बायार्ड’ म्हटलं. बायार्ड हा मध्ययुगातला फ्रेंच सरदार, निर्भय आणि निष्कलंक म्हणून गाजलेला. ही पदवी औट्रमला शेवटपर्यंत चिकटली, त्याच्या थडग्यावरही तीच आहे.

नेपियरला सिंध हवं होतं. आपल्याला ते घ्यायचा हक्क नाही आणि तरी आपण ते घेणार, असं त्याने आपल्या रोजनिशीत स्वच्छ लिहून ठेवलं आहे. औट्रमला हे अन्यायाचं वाटत होतं आणि तो तसं बोलला, लिहिला. पण अमीरांकडून नव्या करारावर सह्या कोणी घेतल्या? औट्रमनेच. १२ फेब्रुवारी १८४३ला सिंधमधल्या हैदराबादेत अमीरांनी शिक्के उठवले, कारण समोर बसलेल्या या माणसावर त्यांचा विश्वास होता. तो त्यांना खरोखर वाचवू पाहत होता. करार झाला तर युद्ध टळेल असं त्याला मनापासून वाटत होतं. नेपियर मात्र चालतच राहिला. १५ फेब्रुवारीला बलुची जमावाने रेसिडेन्सीवर, म्हणजे कंपनीच्या प्रतिनिधीच्या ठाण्यावर, हल्ला केला. औट्रमने शंभरेक शिपायांनिशी चार तास ती लढवली आणि आगबोटीवरून निसटला. १७ला मियाणीची लढाई झाली आणि सिंध गेलं.

औट्रमच्या वाट्याला लुटीतले सुमारे ३००० पौंड आले. त्याने ते स्वतःसाठी ठेवले नाहीत, धर्मादाय वाटले. नेपियरविरुद्ध पुस्तक लिहिलं, वरिष्ठांशी वैर पत्करलं, बढती गमावली. कर्जबाजारी बापाच्या मुलाने नाकारलेले हे पैसे होते, म्हणून त्याचं वजन मला जास्त वाटतं. पण सिंध परत मिळालं का? नाही. त्याच्या विरोधाने कंपनीचा एक पैसाही कमी झाला नाही. उलट पुढची शंभर वर्षं लिहिणाऱ्यांना सांगता आलं की पाहा, आमच्यात असेही लोक होते.

सिंधनंतर तो आपल्याकडे परत आला. १८४४मध्ये कोल्हापूर संस्थानात गडकऱ्यांनी, म्हणजे किल्ल्यांच्या वंशपरंपरागत राखणदारांनी, उठाव केला. सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी दरवाजे लावून घेतले, कारण कंपनीने बसवलेल्या कारभाऱ्याने त्यांच्या वंशपरंपरागत जमिनींचा बंदोबस्त मामलतदारांच्या हाती दिला होता. उठाव सावंतवाडीत पसरला. पूर्वी कन्नडला भिल्ल एजंट असलेला ओव्हन्स आता साताऱ्याचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी, होता. त्याला बंडवाल्यांनी पकडून पन्हाळ्यावर ठेवलं. जानेवारी १८४५मध्ये मनोहरगड आणि मनसंतोषगड घेणाऱ्या मोहिमेत औट्रम पुढे होता. फोंड सावंत आणि इतर पुढारी गोव्याच्या हद्दीत गेले, पोर्तुगीजांनी त्यांना परत दिलं नाही. गडकऱ्यांची तक्रार आणि सिंधच्या अमीरांची तक्रार यांत फार अंतर नव्हतं. पिढ्यान्‌पिढ्यांचा हक्क न विचारता काढून घेतला, एवढीच दोघांचीही तक्रार होती. सिंधमध्ये औट्रमला ती ऐकू आली. तळकोकणात त्याने फक्त हुकूम पाळला. त्याच वर्षीच्या मे महिन्यात तो ओव्हन्सच्या जागी साताऱ्याचा रेसिडेंट झाला.

मग बडोदा. तिथे गायकवाडांच्या दरबारात एक समज पक्का होता की मुंबईत पैसे पोचवले की रेसिडेंटचा निकाल फिरवता येतो. रेसिडेन्सीतले देशी कारभारी दलाली करत होते, वारसाच्या खटल्यांत न्याय विकला जात होता. औट्रमने या सगळ्याचा तपास केला आणि १८५१मध्ये मुंबई सरकारला मोठा अहवाल पाठवला. या प्रकाराला त्याने शब्द वापरला तो आपला मराठी, ‘खटपट’. तो अहवाल पुढे लंडनच्या पार्लमेंटमध्ये खटपट याच नावाने गाजला. मुंबई सरकारला तो झोंबला आणि त्यांनी औट्रमलाच पदावरून काढलं. त्याने लंडनला जाऊन दाद मागितली. शेवटी डलहौसीने त्याला १८५४मध्ये पुन्हा बडोद्याला पाठवलं. वरिष्ठांची नाराजी ओढवून घेऊन भ्रष्टाचार उघड करणारा अधिकारी आजही आपल्याला किती सापडतो? या प्रकरणात मी पूर्ण त्याच्या बाजूने आहे.

आणि म्हणूनच पुढचं वाचताना मला त्रास होतो. डलहौसीला बडोद्याच्या या वादातून एक गोष्ट कळली. या माणसाच्या शब्दाला वजन आहे. १८५४च्या डिसेंबरात औट्रमला लखनौला रेसिडेंट म्हणून पाठवलं गेलं. त्याच्या आधीचा रेसिडेंट स्लीमन याने अवधच्या गैरकारभाराबद्दल भरपूर लिहिलं होतं, पण राज्य खालसा करू नका असंही तो बजावत होता. आता डलहौसीने औट्रमला विचारलं की परिस्थिती अजून तशीच आहे का. लखनौला येऊन चार महिनेही झाले नव्हते. बरंचसं स्लीमनच्या आणि रेसिडेन्सीच्या जुन्या कागदांवरून त्याने मार्च १८५५मध्ये उत्तर दिलं. होय, तशीच आहे, आणि कंपनीने कारभार हाती घ्यावा.

सिंध बळकावणं हा अन्याय आहे असं सांगणारा माणूस अवध बळकावण्याची शिफारस करतो, याचा अर्थ कलकत्त्यात आणि लंडनमध्ये काय लागला असेल? डलहौसीला नेपियरसारख्या साक्षीदाराचा उपयोग नव्हता. त्याला बायार्ड हवा होता. सिंधमध्ये औट्रमने कमावलेलं नैतिक भांडवल अवधमध्ये वापरलं गेलं, आणि ते त्याने आपल्या हाताने दिलं. त्याला लाच दिली नव्हती, धमकावलं नव्हतं. रयतेचं भलं होईल असं त्याला मनापासून वाटलं.

४ फेब्रुवारी १८५६ला औट्रम नवाब वाजिद अली शाहला भेटायला गेला. राजवाड्याच्या तोफा गाड्यांवरून उतरवून ठेवल्या होत्या, पहारेकरी निःशस्त्र होते. वर्षाला १२ लाखांचं वेतन घ्या आणि राज्य सोडल्याच्या करारावर सही करा, असा निरोप होता. वाजिद अली शाहने डोक्यावरची पगडी काढून औट्रमच्या हातात ठेवली. सही केली नाही. तीन दिवसांनी अवध खालसा झालं. कंपनीशी पन्नासहून जास्त वर्षं तह पाळलेलं, त्या काळात तिच्याशी लढाई न केलेलं राज्य एका जाहीरनाम्याने गेलं आणि औट्रम त्याचा पहिला चीफ कमिशनर झाला.

बंगाल फौजेतले हजारो शिपाई अवधच्या गावांतले होते. घरच्या जमिनीच्या भांडणात रेसिडेंटमार्फत अर्ज करण्याची त्यांची सवलत राज्याबरोबरच गेली. सव्वा वर्षाने मेरठला ठिणगी पडली आणि लखनौ त्या युद्धाचं सर्वांत रक्तबंबाळ मैदान ठरलं. मधल्या काळात औट्रम इराणच्या मोहिमेवर होता, तिथून त्याला परत बोलावलं. सप्टेंबर १८५७मध्ये वेढलेल्या रेसिडेन्सीकडे निघालेल्या फौजेत तो जनरल हॅवलॉकचा वरिष्ठ होता, पण यशाचा मान हॅवलॉकला मिळावा म्हणून त्याने सूत्रं त्याच्याकडेच ठेवली आणि स्वतः साधा स्वयंसेवक म्हणून घोड्यावर बसला. २५ सप्टेंबरला ते आत पोचले. वाटेत पाचशेहून अधिक माणसं मेली किंवा जखमी झाली. नंतर सुमारे चार हजार माणसांनिशी त्याने लखनौजवळचं आलमबाग मार्चपर्यंत टिकवलं, बेगम हजरत महलच्या फौजांसमोर. इंग्रजी चरित्रकार या भागावर शेकडो पानं लिहितात. मला त्यात एवढंच दिसतं की दीड वर्षापूर्वी ज्या शहराची पगडी याच्या हातात आली होती, त्याच शहराच्या गल्ल्यांतून हा माणूस तलवार घेऊन वाट काढत होता.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. माणसाने आपल्या जागेवरून जेवढं करता येईल तेवढंच करायचं असतं. औट्रमच्या जागी क्रूर माणूस असता तर भिल्लांचे, अमीरांचे, अवधच्या तालुकदारांचे हाल जास्त झाले नसते का? झाले असते. मार्च १८५८मध्ये लॉर्ड कॅनिंगने अवधमधले जवळपास सगळे जमीनहक्क जप्त करणारा जाहीरनामा काढला तेव्हा औट्रमनेच त्याला विरोध केला. लोकांना मरेपर्यंत लढण्यावाचून गत्यंतर राहणार नाही, असं सांगितलं. कॅनिंगला मजकूर सौम्य करावा लागला. त्यामुळे किती घरं वाचली असतील! विवेक असलेला अधिकारी आणि विवेक नसलेला अधिकारी यांत फरक असतो, आणि ज्यांच्या दारात फौज उभी असते त्यांच्यासाठी तो फरक जीवनमरणाचा असतो. हे मी कधीही नाकारणार नाही.

पण औट्रमची पूर्ण नोकरी पुन्हा पाहा. जिथे त्याच्या विवेकाला मान दिला गेला त्या जागा कोणत्या? भिल्लांना प्रेमाने वळवणं, खालच्या लाचखोरांना पकडणं, जाहीरनाम्याची भाषा मऊ करणं. या सगळ्याने राज्य अधिक पक्कं झालं. आणि जिथे विवेकाला बाजूला सारलं गेलं ती जागा कोणती? सिंध घ्यायचं की नाही हा प्रश्न. मुळावरच्या प्रश्नात सत्तेने आपल्या सर्वांत निर्मळ अधिकाऱ्याचं एकदाही ऐकलं नाही. रचना कशासाठी आहे, हे त्या रचनेतल्या माणसांच्या स्वभावावरून कळत नाही. त्यांचा कोणता सल्ला घेतला जातो आणि कोणता फायलीत पडून राहतो, त्यावरून कळतं. आपल्या आजच्या कलेक्टर, पोलीस अधीक्षक, वनाधिकारी यांच्याबद्दल बोलतानाही मी हीच फूटपट्टी लावतो. अमुक साहेब फार सज्जन होते, त्यांच्या काळात पाड्यावर रस्ता आला, असं लोक कौतुकाने सांगतात तेव्हा मी विचारतो की त्यांच्या काळात वनहक्काचे दावे किती मंजूर झाले. रस्ता आणि दावा, दोन्हीसाठी सज्जनपणा लागतो. पण पहिल्यासाठी वरून शाबासकी मिळते आणि दुसऱ्यासाठी बदली.

औट्रम ११ मार्च १८६३ला फ्रान्समधल्या पो गावी वारला. लंडनला थेम्सच्या काठी त्याचा पुतळा आहे. कलकत्त्यात घोड्यावर बसून मागे वळून पाहणारा त्याचा मोठा ब्राँझचा पुतळा होता, तो आता व्हिक्टोरिया मेमोरियलच्या आवारात आहे. हे पुतळे त्याच्या लोकांनी त्याच्या गौरवासाठी उभारले. आमच्या घाटाचं नाव निराळं आहे. दोनशे वर्षांच्या बैलगाड्या, टांगे, लाल डबे आणि उसाचे ट्रक यांच्या तोंडून ते झिजत आलं आहे. शेजारच्या मुलाला तो माणूस आहे हेही कळू नये, इतकं ते मराठी झालं आहे. त्यात आता गौरव उरलेला नाही. म्हणून घाटाचं नाव बदलावं असं मला वाटत नाही. ते पुसलं तर कोपरगावच्या विहिरी, धरणगावची पलटण, डांग, अंबापाणी हे सगळं विचारायला जे एक निमित्त उरलं आहे तेही जाईल. अभयारण्याची गोष्ट वेगळी. ते नाव १९८६मध्ये आपल्या सरकारने कागदावर लिहून दिलं आहे, ते गौताळा एवढंच असावं. बोगदा जेव्हा केव्हा होईल तेव्हा त्याच्या नावावरून भांडण होणारच. तेव्हा त्या पाच भिल्लांची आठवण कुणीतरी काढावी.

तोपर्यंत घाटाच्या माथ्यावर, गाड्या थांबतात तिथे, एक फलक हवा. मराठीत आणि भिलोरीत. खालच्या पाटणादेवीला आणि पलीकडच्या पितळखोऱ्याच्या लेण्यांना पुरातत्त्व खात्याच्या पाट्या आहेत, तशी इथे एक. औट्रम कोण होता, त्याने इथे काय केलं, कोणाच्या बळावर केलं आणि पुढे त्याच हातांनी लखनौला काय झालं, हे पंधरा-वीस ओळींत लिहिता येतं. मी तसा मजकूर करून पाहिला आहे. त्याचं पहिलं वाक्य इंग्रजांचं नाही. ते १८०४मधल्या त्या दोन विहिरींचं आहे.